पानं गळून गेल्यावर ग्लेन ॲफ्रिक: कॅमेरा घेऊन जाणाऱ्यांसाठी

गणपती झाले की ओळखीतलं कुणीतरी विचारतंच, स्कॉटलंडला ऑटम कलर्सचे फोटो काढायला नक्की कधी जायचं, आणि सगळे एकच उत्तर देतात की ऑक्टोबरचा तिसरा आठवडा. चुकीचं नाहीये ते. बर्चची झाडं तेव्हा खरंच पिवळीधमक असतात. पण मी तुम्हाला सांगेन की अजून दोन-तीन आठवडे थांबा, म्हणजे साधारण ऑक्टोबरची अखेर ते नोव्हेंबरचा मध्य, आणि हायलँड्समध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ उत्तर भागात, दहा ठिकाणी गाडी पळवण्यापेक्षा एकाच दरीत तीन दिवस काढा. माझी दरी ठरलेली आहे, ग्लेन ॲफ्रिक. ग्लेन म्हणजे दरी, लॉख म्हणजे तलाव, आणि तो शेवटचा ख आपल्याला छान जमतो, इंग्लंडवाल्यांना जमत नाही, तेवढा एक आनंद.

इनव्हरनेस शहरातून ड्रमनाड्रॉखिटमार्गे कॅनिख गावापर्यंत साधारण ४० किलोमीटर, आणि तिथून पुढे दरीत जाणारा एकच रस्ता, सिंगल ट्रॅक म्हणजे एका गाडीपुरता रुंद, जो दोन तलावांच्या मध्ये रिव्हर ॲफ्रिकच्या कार पार्कला जाऊन संपतो. त्यापुढे फक्त पायी. जुन्या कॅलेडोनियन, म्हणजे स्कॉटलंडच्या मूळच्या, पाइन जंगलाचे जे तुकडे आता उरलेत त्यातला हा एक मोठा तुकडा, आणि त्यात बर्च, रोवन, ॲस्पेन, अल्डर सगळं मिसळलेलं. नुसत्या पाइनचं जंगल असतं तर मी एवढं लिहीत बसले नसते.

उशिरा का जायचं

पिवळी पानं गळाली की बर्चच्या काड्या उघड्या पडतात आणि त्या काड्या जांभळ्या असतात. एकटं झाड जवळून बघितलं तर तपकिरीच वाटेल, पण शंभर झाडं लांबून एकत्र बघितली की अख्ख्या उतारावर वांग्याच्या सालीच्या रंगाचा धूर बसल्यासारखा दिसतो, आणि त्यात मधेमधे पाइनचा गडद हिरवा, खाली सुकलेल्या ब्रॅकन नावाच्या नेच्याचा विटकरी, आणि गवताचा गव्हाळ. पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं कॅमेऱ्याचा रंग बिघडलाय. शिवाय लार्च. सूचीपर्णी असूनही पानं गाळणारं झाड, बाकी सगळे थकले की हा सोनेरी होतो, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात हिरव्या पाइनमध्ये एखादाच लार्च समई लावल्यासारखा उभा असतो. वर डोंगरमाथ्यावर, कार्न एग १,१८३ मीटर आणि त्याच्या शेजारच्यांवर, बऱ्याचदा पहिलं बर्फ पडलेलं असतं. आणि मिजेस म्हणजे ते चावरे चिलटासारखे किडे संपलेले असतात, ज्यांनी उन्हाळ्यात तिथं ट्रायपॉड लावलाय त्यांना याची किंमत कळेल.

दुसरं कारण उजेड. ही दरी साधारण ५७ अंश अक्षांशावर आहे. नोव्हेंबरच्या सुरुवातीला भर दुपारी बारालासुद्धा सूर्य क्षितिजापासून जेमतेम १८ अंश वर येतो. म्हणजे आपल्याकडे मुंबईत सूर्य उगवून सव्वा तास झाल्यावर जो तिरका उजेड असतो ना, तो तिथं दुपारच्या जेवणाच्या वेळी. ऊन पडलंच तर दिवसभर कोवळंच राहतं. सकाळ-संध्याकाळ सोडून मधल्या वेळात फोटो काढायचे नाहीत ही सवय विसरा, उलट मधल्या वेळात झोपलात तर गेलातच, कारण दिवस आहेच किती, साडेसातच्या सुमारास उगवतो आणि सव्वाचारच्या सुमारास मावळतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात तेवढं लक्षात ठेवा.

निघण्याआधी

कॅमेरा कुठलाही चालेल, यावर मी वाद घालत नाही. लेन्सचं मात्र सांगते, रुंद दृश्य घेणाऱ्या वाइड लेन्सपेक्षा लांबचं जवळ आणणारी ७०-२०० एमएमची टेली लेन्स जास्त वापरली जाते. हे सगळ्यांना उलटं वाटतं. दरी मोठी दिसते म्हणून लोक १६ एमएम लावतात आणि मग फोटोत अर्धं पांढरं आकाश, अर्धं गवत आणि मधे एक पट्टी एवढंच येतं, डोंगर मुंगीएवढे होतात. समोरच्या उतारावरचा एक तुकडा लांबून कापून घ्यायचा, तिथंच खरा फोटो असतो.

पोलरायझर फिल्टर पाहिजेच. हा फिल्टर निळ्या आकाशासाठी असतो असा आपल्याकडे समज आहे, इथं तो ओल्या पानांसाठी लागतो. पाऊस पडल्यावर पान, खडक, शेवाळ सगळ्यावर आकाशाची पांढरी चमक बसते आणि रंग फिका पडतो, पोलरायझर फिरवला की ती चमक पुसली जाते आणि खालचा रंग वर येतो, डोळ्यादेखत. उजेड दीड-दोन स्टॉप (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा) कमी होतो, म्हणून ट्रायपॉडही आला. ऊन असेल तेव्हा वाइड लेन्सवर पूर्ण फिरवू नका, आकाशात मधेच एक काळानिळा डाग येतो, माझ्या पहिल्या ट्रिपचे निम्मे फोटो असेच गेले.

बाकी: जास्तीच्या बॅटऱ्या, त्या आतल्या खिशात अंगाला लागून ठेवायच्या कारण थंडीत पटकन उतरतात. चार-पाच सुती फडकी, जुन्या बनियनची सगळ्यात चांगली. एक छत्री. हो छत्रीच, रेनकोट तुमच्यासाठी आणि छत्री कॅमेऱ्यासाठी, वारा नसेल तर यासारखं काही नाही. सह्याद्रीत जुलैमध्ये ज्यांनी फोटो काढलेत त्यांना काही नवीन शिकायचं नाहीये, फक्त तिथं पाऊस कोमट असतो आणि इथं बोटं बधिर होतात, म्हणून पातळ हातमोजे आत आणि जाड वर. वॉटरप्रूफ पँट विसरू नका, कारण लो अँगलसाठी चिखलात गुडघे टेकावेच लागतात. हेडटॉर्च. थर्मास. आमच्याकडे दिवाळी याच दिवसात येते म्हणून चकलीचा डबाही असतो.

पेट्रोल इनव्हरनेसलाच फुल करा. कॅनिखच्या पुढे मोबाइलला रेंज धरू नका, नकाशा आधीच डाउनलोड करा किंवा ओएस लँडरेंजरचा २५ नंबरचा कागदी नकाशा घ्या. आणि घरूनच ९९९ या ब्रिटनच्या आपत्कालीन नंबरला register हा शब्द, इंग्रजीतच, एसएमएस करून नंबर नोंदवून ठेवा, म्हणजे बोलण्याइतकी रेंज नसली तरी मेसेजने मदत मागता येते. डोंगरात अडकलात तर पोलिसांना सांगून माउंटन रेस्क्यू मागायचं.

पहिला दिवस: कॅमेरा कमी, पाय जास्त

ऐकायला कठीण जातं पण पहिल्या दिवशी फोटोच्या मागे लागू नका. रस्ता शेवटपर्यंत एकदा हळू जा. आधी डॉग फॉल्स लागतो, मग लॉख बेनेव्हियन, मग रिव्हर ॲफ्रिक. पासिंग प्लेसमध्ये गाडी उभी करून फोटो काढायला उतरायचं नाही, ती जागा समोरच्याला वाट देण्यासाठी आहे, आणि हे आपलेच लोक सर्रास करताना मी बघितलंय. कार पार्कात लावा आणि चाला.

फिरताना एक गोष्ट बघायची, ऊन कुठं पोचतं. या दिवसात सूर्य आग्नेयेला उगवतो, दक्षिणेकडेच रेंगाळतो आणि नैर्ऋत्येला मावळतो. दरी साधारण पूर्व-पश्चिम. म्हणजे दक्षिणेकडचा डोंगर आपल्याच उतारावर दिवसभर सावली धरतो आणि ऊन मिळतं ते उत्तरेकडच्या, रस्त्याच्या बाजूच्या उताराला. रस्त्यावरून तलावापलीकडे बघितलं की उजेड समोरून येतो, मग धुकं, झाडांच्या कडा, गवताची पाती सगळं पेटल्यासारखं दिसतं पण लेन्सवर थेट सूर्य येतो, हाताने आडोसा धरावा लागतो. उलट बाजूला सावलीत रंग शांत आणि निळसर. कुठली जागा किती वाजता उजळते ते एका कागदावर लिहून ठेवा, पुढचे दोन दिवस त्या कागदावर चालतात.

लॉख बेनेव्हियनबद्दल एक सूचना. १९५० च्या आसपास इथं जलविद्युत प्रकल्प झाला आणि धरण बांधून या तलावाची पातळी वाढवली, म्हणून पाणी कमी असेल तेव्हा काठाला बादलीला बसतो तसा उघड्या दगडांचा पट्टा दिसतो आणि प्रतिबिंबाचा फोटो बिघडतो. वरच्या लॉख ॲफ्रिकची पातळी मात्र तेव्हा मुद्दाम वाढवली नाही, त्याचा काठ अजून नैसर्गिक आहे. म्हणून पाणी खाली गेलेलं दिसलं की बेनेव्हियनवर काठ कापून नुसती बेटं आणि त्यावरचे पाइन टेलीने घ्यायचे, आणि काठासकट फोटो पाहिजे असेल तर सरळ वर लॉख ॲफ्रिकला जायचं.

धुक्याची सकाळ

आदल्या रात्री आभाळ स्वच्छ, वारा नाही, आणि थंडी जोरात, असं झालं की सकाळी धुकं मिळायची शक्यता चांगली. तलावाचं पाणी अजून उन्हाळ्याची ऊब धरून असतं आणि वरची हवा गोठलेली, त्यामुळे पाण्यातून वाफा निघतात. रिव्हर ॲफ्रिक कार पार्कहून आम मेल्लान नावाच्या छोट्या टेकाडावर वाट जाते, थोडी चढाची पण लहान, वरून दोन्ही तलाव दिसतात. उजाडायच्या पाऊण तास आधी वर पोचा, अंधारात हेडटॉर्च लावून, दगडांवर बर्फाची पातळ साय असते तेव्हा जपून.

आणि मग हलू नका. पहिल्यांदा सगळं पांढरं असतं, काहीच दिसत नाही, लोक वैतागून खाली जातात. मग एक पाइनचा शेंडा वर येतो. मग दोन. धुकं मागचं जंगल पुसून टाकतं आणि एकेक झाड सुटं करून देतं, जे एरवी जंगलात कधीच मिळत नाही. टेली लावा, एफ ८ (लेन्सचं छिद्र किती उघडं ते), आयएसओ १०० (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता), आणि एक्स्पोजर एक स्टॉप वाढवा, कारण कॅमेरा धुक्याला राखाडी करून टाकतो. ऊन धुक्यावर पडलं की जे काही व्हायचं ते दहा-पंधरा मिनिटांत होऊन जातं, तेव्हा लेन्स बदलत बसायचं नाही. एकदा मी नेमकी तेव्हाच बॅगेत फडकं शोधत होते.

पावसाचा दिवस, म्हणजे बहुतेक दिवस

खरा माल इथं आहे. ढगाळ, भुरभुर पाऊस, वारा नाही. आकाश फोटोतून हद्दपार करायचं, एक चतकोरसुद्धा ठेवायचं नाही, पांढरं आकाश कोपऱ्यात आलं की डोळा तिकडेच पळतो. आता जंगलात शिरा.

जंगलात गोंधळ असतो, हा खरा प्रश्न. सगळीकडे काड्या. मी काय करते ते सांगते, आधी कॅमेरा बंद ठेवून एक झाड शोधते जे वेगळं आहे, वाकडं, जाड किंवा एकटं. मग त्याच्याभोवती गोल फिरते, जोवर त्याच्यामागे वेगळ्या रंगाची पार्श्वभूमी येत नाही. पांढऱ्या खोडाच्या बर्चमागे गडद पाइन. पाइनच्या नारिंगी सालीमागे बर्चचा जांभळा धूर. दोन पावलं डावीकडे सरकलं की दोन खोडं एकमेकांवर चढलेली सुटी होतात, तेवढ्यासाठी मी वीस मिनिटं घालवते आणि नवरा गाडीत पेपर वाचतो. जमिनीपासून उंचीही बदलून बघा, थोडं वर चढून खाली बघितलं की आकाश आपोआप जातं.

गेल्या वर्षीचा एक फोटो सांगते. डॉग फॉल्सजवळचा एक म्हातारा बर्च, खोडावर राखाडी-हिरव्या दाढीसारखं दगडफूल लोंबत होतं, आपण मसाल्यात घालतो त्याच्याच जातकुळीतलं काहीतरी, आणि प्रत्येक काडीच्या गाठीला एकेक थेंब. थेंबात मागचा पाइन उलटा दिसत होता. मागे सुकलेला ब्रॅकन विटकरी. १३५ एमएम, एफ ९, आयएसओ ४००, १/३० सेकंद. पोलरायझर आधी पूर्ण फिरवला तर थेंबांची चमकच गेली, थेंब मेले, मग अर्धा मागे आणला. झाडाला हात न लावता वाऱ्याची झुळूक थांबायची वाट बघत होते, अकरा फोटो हलले, बारावा आला.

वाऱ्याचं गणित साधं आहे, काड्या हलत असतील तर शटर १/१२५ किंवा जास्त ठेवा आणि आयएसओ बिनधास्त ८००-१६०० करा. थोडे दाणे आले तरी चालतात, हललेली काडी चालत नाही. फोकस खोडावर, मॅन्युअलवर, स्क्रीनवर झूम करून. एफ १६, एफ २२ करायच्या मोहात पडू नका, छिद्र फार बारीक झालं की डिफ्रॅक्शनने, म्हणजे उजेड पसरून, उलट मऊ होतो फोटो, एफ ११ च्या पुढे क्वचितच जावं. खूप जवळचं आणि खूप लांबचं दोन्ही तीक्ष्ण हवं असेल तर दोन-तीन फोटो वेगवेगळ्या फोकसवर काढून नंतर जोडा, पण वारा असेल तर हे विसरा.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, ऑटोवर ठेवला की कॅमेरा तो जांभळा रंग सुधारायला जातो आणि घालवतो. डेलाइटवर टाका आणि तसाच राहू द्या. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, काढा. हिस्टोग्राम, म्हणजे स्क्रीनवरचा उजेडाचा आलेख, बघताना एकत्र आलेखावर विसंबू नका, लाल चॅनल वेगळा बघा, लार्च आणि ब्रॅकनमध्ये लाल आधी फुटतो आणि मग तिथं नुसता नारिंगी गोळा उरतो ज्यात एकही पान दिसत नाही.

पाणी

डॉग फॉल्स उंच नाहीये, नाव ऐकून मोठा धबधबा अपेक्षिलात तर निराश व्हाल. अरुंद घळीतून नदी दोन-तीन टप्प्यांत उतरते, पाणी पीटच्या, म्हणजे दलदलीत कुजलेल्या वनस्पतींच्या, मातीमुळे कोऱ्या चहाच्या रंगाचं. हा रंग हाच विषय. खूप लांब एक्स्पोजर दिलं तर सगळं दुधाचा ओघळ होतं आणि चहा दिसतच नाही, म्हणून १/४ ते १/२ सेकंद, त्यात पाण्याला धारा राहतात आणि खालच्या डोहाचा तपकिरी रंगही. पोलरायझर इथं पूर्ण फिरवा.

उंच धबधबा पाहिजे तर प्लोडा फॉल्स, टॉमिक गावाच्या पुढे, ४६ मीटर, वर लाकडी प्लॅटफॉर्म आहे तिथून सरळ खाली दिसतं आणि आजूबाजूला प्रचंड डग्लस फर. प्लॅटफॉर्मवर कुणी चाललं की ट्रायपॉड थरथरतो, तेवढं थांबायचं. जाता जाता, गोल्डन रिट्रीव्हर हे कुत्रं मूळचं याच टॉमिकजवळच्या गिसाखन इस्टेटचं, १८६८ मध्ये तिथल्या लॉर्ड ट्वीडमाउथने ही जात तयार करायला घेतली, त्या वाड्याचे आता अवशेष आहेत. मुलं बरोबर असतील तर धबधब्यापेक्षा हीच गोष्ट जास्त चालते.

तिसऱ्या दिवशी हवा बरी असेल तर लॉख ॲफ्रिकला पूर्ण फेरी, साधारण १८ किलोमीटर, पाच-सहा तास, फोटो काढत गेलं तर त्याहून जास्त, आणि दिवस नऊ तासांचाच आहे हे विसरू नका. उजाडताच निघा आणि दोन वाजेपर्यंत निम्म्याच्या पुढे नसाल तर कॅमेरा बॅगेत टाकून चालायला लागा. ओढे पावसाने फुगलेले असतात. हरणांच्या शिकारीचा हंगाम याच काळात असतो, वाटेवर पाटी दिसली तर ती वाचा आणि सांगितलेल्या वाटेनेच जा, स्कॉटलंडमध्ये जवळजवळ कुठंही चालायचा हक्क २००३ च्या कायद्याने आहे खरा, पण तो जबाबदारीने वापरायचा असतो. परतताना अंधार पडू लागला की हरणं रस्त्यावर येतात. गाडी ताशी तीस मैलांच्या आत.

घरी आल्यावर एडिटिंगमध्ये हात आखडता घ्या. ऑटोचं बटण दाबलं की नोव्हेंबरचा सप्टेंबर होतो, सगळं हिरवंगार. मी फक्त काळं थोडं खोल करते, पिवळ्या-हिरव्याची सॅच्युरेशन किंचित खाली आणते म्हणजे जांभळा आपोआप पुढे येतो, आणि धुक्याच्या फोटोला डीहेझ अजिबात लावत नाही, एवढ्या पहाटे थंडीत धुक्यासाठी चढून जायचं आणि मग तेच पुसायचं म्हणजे काय.

शेवटचं म्हणजे संध्याकाळी खोलीवर परत आल्यावरचं. दिवसभर गारठलेला कॅमेरा ऊबदार खोलीत काढला की लेन्सवर आत-बाहेर दव धरतं, माझी एक लेन्स अशी आतून दोन दिवस धुरकट राहिली होती आणि त्या दोन दिवसांत हवा अप्रतिम होती. म्हणून गाडीत असतानाच कार्ड आणि बॅटरी बाहेर काढून घ्या, कॅमेरा झिपच्या प्लास्टिक पिशवीत घालून तोंड बंद करा, बॅगेत ठेवा, आणि किमान दोन तास बॅग उघडू नका. फोटो बघायची कितीही घाई झाली तरी. तोवर चहा टाका, चकल्या संपवा.